आंबिलीचं भांडं

बाई, तुम्ही राखीच्या दिवशी गेलात, त्याला आता तीन आठवडे होत आले. लोक अजून येतात. ताप किती दिवस होता, डॉक्टर कोणता होता, शेवटी कोणाचं नाव घेतलं, हे विचारतात, चहा घेतात आणि जातात. मी सगळ्यांना तेच ते सांगते. खरं म्हणजे मला त्यातलं काहीच सांगायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. अठरा वर्षं एका चुलीपाशी काढली, त्यात एकदाही आपण नीट भांडलो नाही, आणि आता भांडण सुचतंय तर समोर तुम्ही नाही.

परवा महालक्ष्म्या यायच्या आहेत. सूतक फिटलं आहे, खंड पडू द्यायचा नाही, असं आत्याबाईंनी सांगितलं. फक्त आरास नको म्हणाल्या. सकाळपासून घरभर झाडझूड चालली आहे आणि मी माजघरात हे लिहीत बसले आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं एवढं लिहायचं म्हणजे बोटं दुखायची. दुखू देत.

या घरात मी आले तेव्हा तुम्ही मोठ्या सून होता आणि मी धाकटी. मी तुम्हाला बाई म्हणायची, तुम्ही मला धाकले म्हणायच्या, सासूबाईंना आपण दोघी आत्याबाई. घर शहरातल्या बर्डीवर, आपल्याच संत्र्याच्या अडतीच्या दुकानाला लागून. हंगामात नरखेडकडच्या बागांतून गाड्या यायच्या आणि घराच्या पायऱ्यांपर्यंत संत्र्यांचा वास असायचा. पुरुष अडतीत, आपण आत. मी कामठीची. माझे बाबा तिथल्या छावणीत भाजीपाला पुरवायचे, म्हणून मला वाटायचं की साहेब लोकांतलं मला सगळं कळतं. कोणी विचारो न विचारो, मी सांगायची. साहेब असं खातो, मेमसाहेब तसं नेसते. तुम्ही कणीक मळता मळता "हो का वं?" म्हणायच्या. माझ्या अर्ध्या गप्पा मी तुमच्या त्या "हो का वं" साठीच रचलेल्या असायच्या.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मला मूल होईना, तेव्हा आत्याबाईंनी उपाय सुरू केले. सोळा सोमवार झाले, श्रावणी शुक्रवार झाले. मग कुठल्याशा बाबाचं नाव निघालं आणि मला त्याच्याकडे न्यायचं काम तुमच्यावर आलं. टांगा गल्लीच्या बाहेर पडला, तशा तुम्ही टांगेवाल्याला म्हणालात, "भैया, अजब बंगला ले चलो."

"अन् बाबा?" मी घाबरून विचारलं.

"बाबा काई पळून नाई चालला. पयले वाघ पाहू."

आणि खरंच आपण पेंढा भरलेला वाघ पाहायला गेलो. अजब बंगल्यात, त्या सरकारी संग्रहालयात, त्या दिवशी कोण गर्दी! कापूस विकून आलेली खेड्यातली माणसं वाघासमोर हात जोडून उभी होती. तुम्ही मात्र वाघाकडे एकदा पाहिलंत आणि सरळ काचेच्या कपाटांकडे वळलात. दगडाचं हत्यार, जुनी नाणी, गोंडांचे दागिने, मेलेली पाखरं. वस्तूंपेक्षा त्या कशा मांडल्या आहेत हेच तुम्ही पाहत होतात. मोठी मागे, लहान पुढे, मध्ये मोकळी जागा. "पाय धाकले, जागा मोकळी सोडली म्हनून नजर जाते," असं म्हणालात. प्रत्येक वस्तूखाली इंग्रजी चिठ्ठी होती. तुम्हाला अक्षरओळख नव्हती आणि मला इंग्रजी येत नव्हतं, पण कबूल कोण करतंय! तुम्ही विचारत गेलात आणि मी धडाधड वाचत गेले. हा पक्षी लंकेतला, हा दगड भीमाच्या वेळचा, ही नाणी कुबेराच्या खजिन्यातली. शेजारी उभा असलेला एक मास्तर माझ्याकडे पाहून हसला, तेव्हा तुम्ही माझा हात धरून पुढच्या कपाटाकडे नेलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं असेल का, की मी थापा मारते? हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही.

परतताना तुम्ही कमरेची पुरचुंडी काढलीत. तिच्यात घरून निघतानाच आपल्या चुलीतली राख बांधून आणली होती. तीच आत्याबाईंनी बाबाचा अंगारा म्हणून माझ्या कपाळाला लावली. मी मान खाली घातली होती आणि माझे खांदे हसण्यानं हलत होते. त्यांना वाटलं, पोरगी रडते आहे. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाई, त्या दोन वर्षांत मी हसले ते पहिल्यांदाच, आणि ते तुमच्यामुळे.

मग आपल्याला नादच लागला. टेकडीच्या गणपतीला जातो म्हणून निघायचं आणि अजब बंगल्यात शिरायचं. तिथून तुमच्या डोक्यात आलं की महालक्ष्म्यांची आरास अशी मांडायची. आरास घरोघर असते, केळीचे खांब, रंगीत कागद, चार खेळणी. तुम्हाला तसं नको होतं. तुम्हाला वस्तू हव्या होत्या. वस्तू कुठे मिळतील हे मला माहीत होतं, कारण मी कामठीची. छावणीत साहेबाची बदली झाली की बंगल्यातल्या सामानाची हर्राशी, म्हणजे लिलाव, व्हायची. बाबा निरोप पाठवायचे, मी आईला बरं नाही म्हणायची, तुम्ही सोबतीला म्हणून यायच्या, आणि आपण दोघी आगगाडीनं कामठी. बंगल्याच्या व्हरांड्याबाहेर कडुनिंबाखाली पदर ओढून उभं राहायचं, बाबांना बोटानं दाखवायचं, बोली बाबांनी बोलायची. लोकांना नको असलेलं आपण उचलायचो. पारा उडालेला नक्षीचा आरसा, लाल हिरव्या काचेच्या हंड्या, पवनचक्की काढलेली एक थाळी. तुम्ही घरी आणून चिंच आणि राख लावून घासत बसायच्या. एवढा दांडगा देह तुमचा, पण काच पुसताना बोटं फुलं वेचतात तशी चालायची.

चिनी मातीचे दोन कुत्रे मिळाले त्या वर्षी तर कमालच झाली. तुम्ही ते ज्येष्ठेच्या आणि कनिष्ठेच्या पायांशी एकेक बसवलेत. आत्याबाई काठी आपटत आल्या. "देवीपाशी कुत्रे?"

"कुत्रे नाई आत्याबाई, इलायती सिंह हायेत. धाकलीले इचारा."

मी कामठीची साक्ष दिली. आणि वर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खाली ठेवलं, विलायती सिंह. त्या वर्षापासून प्रत्येक वस्तूखाली माझी चिठ्ठी असायची, आणि आपल्या घराला लोक बर्डीचा अजब बंगला म्हणायला लागले. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत पायऱ्यांवर चपलांना जागा उरायची नाही. तुम्ही आतून दाराच्या फटीतून लोकांची तोंडं पाहत उभ्या असायच्या. कोणी "वा" म्हटलं की तुमचे कान लाल व्हायचे.

आता त्या वर्षाचं लिहायचं. हात थांबतो आहे, पण लिहिते.

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. कामठीतली एक पलटण दुसरीकडे चालली होती आणि एका मेजरच्या बंगल्याची हर्राशी होती. तिथे एक पाणी ओतायचा मोठा जग, तोंड धुवायचं घमेलं आणि एक झाकणाचं भांडं, असा जोड होता. पांढरं शुभ्र आणि त्यावर निळी फुलं. जग आणि घमेलं एका पारशी दुकानदारानं घेतलं, पण भांडं बाजूला सारलं. मला वाटलं, याला अक्कल नाही. झाकणाला बोंडासारखी मूठ होती आणि बाजूला एकच कान.

"एकच कान काहून वं?" तुम्ही विचारलंत.

"मेमसाहेब एका हातानं वाढतात," मी म्हणाले. "सार ठेवायचं भांडं आहे हे."

"पक्कं?"

"बाई, मी कामठीची."

बंगल्याचा खानसामा ते भांडं आपल्या हातात देताना गालात हसला. "ले जाओ बाई, बड़े काम की चीज़ है." मला ती शाबासकी वाटली.

तुम्ही म्हणत होतात, आराशीत मांडू. हट्ट माझा होता की याच्यात आंबील ठेवायची. आंबील पितळेत कळकते, मडक्यातली दिसायला बरी दिसत नाही, आणि सगळं गाव पाहायला येतं. लोणचं चिनी मातीच्या बरणीत चालतं मग आंबिलीला काय झालं, असा वाद मी आत्याबाईंशी घातला आणि जिंकलासुद्धा. तुम्ही दोनदा म्हणालात, "धाकले, या वर्षी राहू दे. पयले घरात वापरून पाहू." मी ऐकलं नाही. झाकणाखाली चिठ्ठी लावली, सारपात्र.

महालक्ष्म्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नैवेद्य झाला. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, आणि देवीपुढे त्या भांड्यात आंबील. नैवेद्यानंतर तेच भांडं एका हातात धरून बायकांच्या पंगतीला मीच आंबील वाढत होते, ऐटीत. तेवढ्यात आरास पाहायला ती नर्स आली, जिनं तुमच्या लेकीच्या, शांताच्या जन्माच्या वेळी तुमचं बाळंतपण केलं होतं. ती आरशापाशी थांबली, सिंहांना हसली, आणि मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. आधी तिला गंमत वाटली असावी, कारण डोळे पुसेपर्यंत हसली. मग तिच्या ध्यानात आलं की कोणीच थट्टा करत नाही आहे. तिनं हसू आवरलं. शेजारणीनं खोदून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, "अवं माय, हे तं मेमसाहेब पलंगाखाली ठेवते. रातच्याले बाहेर जाले उठा नाई लागत म्हनून."

पंगतीत कोणाचा घास हातात राहिला, कोणी मोरीकडे धावलं.  आत्याबाई भिंतीला धरून उठल्या. 

"कोनं आनलं हे?"

आंबील वाढायचं वगराळं माझ्या हातात होतं. मला वाटतं, मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगता येत नाही. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून ओल्या हातांनी बाहेर आलात आणि म्हणालात, "मी आनलं, आत्याबाई. धाकली नको म्हनत होती."

एवढंच. त्या दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती हो बाई. पहिल्यानं भागलं असतं.

गोमूत्र शिंपडलं, भटजी आले, शांत केली. भाऊजींनी, तुमच्या मालकांनी, अडतीतले दोन हमाल बोलावून आरास अंगणात ओतली. ते सिंह मला वाटले होते त्यापेक्षा ठिसूळ निघाले. हंड्या फुटल्या, थाळी फुटली. तुम्ही पदर खोचून काचा वेचत होतात. मी मदतीला वाकले, तर म्हणालात, "आरसा तं चांगला होता." त्यानंतर घरात आरास झाली ती कागदाची, आणि तुम्हाला टेकडीच्या गणपतीलाही कोणी एकटं जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपण मोरीवर भांडी घासत होतो तेव्हा मी विचारलं, काहून. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत.

"आत्याबाईनं नरखेडची पोरगी पाहून ठेवली हाये, तुह्या नवऱ्यासाठी. मागच्या हप्त्यातच बोलून राहिल्या होत्या ह्यांच्याशी. आता हे तुह्या नावावर गेलं असतं तं तुले कामठीले पोचवून देल्लं असतं. मले तीन लेकरं हायेत. मले कोन हाकलते? लय झालं तं चुलीपाशी बसवतीन. तिथं तं मी बसलीच हाये."

मी रडायला लागले, तेव्हा तुम्ही राखेच्या हातानं माझं तोंड बंद केलंत. "आता हे तोंडातून काढू नको."

मी नाही काढलं. सांगितलेलं एवढं नेमकं मी आयुष्यात दुसरं काही पाळलं नसेल.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या आणायच्या वेळी आत्याबाईंनी तुमच्या हातातला ज्येष्ठेचा मुखवटा काढून माझ्या हातात दिला. मोठ्या सुनेचा तो मान. उंबरठ्यापासून कुंकवाच्या पावलांवरून ज्येष्ठेला आत आणायचं, घरभर फिरवायचं, तिला उभं करायचं. तोवर ती तुमची होती आणि कनिष्ठा माझी. त्या वर्षापासून ज्येष्ठा माझी झाली, कनिष्ठा नणंदेची, आणि तुम्हाला देवीपुढे यायची मनाई झाली. मी थरथरत होते. लोकांना ती भक्ती वाटली. आतून तुमच्या पाट्यावरवंट्याचा आवाज येत होता.

मग दीड वर्षानं मला मुलगा झाला. नरखेडच्या पोरीचं दुसरीकडे लग्न लागलं. आता मला कोण हाकलणार होतं? तेव्हा बोलता आलं असतं. पहिल्या वर्षी वाटलं, बाळ लहान आहे, घरात तमाशा कशाला. दुसऱ्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी. मग मी मनाशी म्हणायला लागले की बाईंनीच तोंड बंद करायला सांगितलं आहे, त्यांचा शब्द कसा मोडू? बाई, आज लिहिते, एरवी लिहिलं नसतं. मला तो मान आवडायला लागला होता. ज्येष्ठा हातात घेऊन उंबरठ्यावर उभी राहिले की गल्लीतल्या बायका माझ्या पायांवर पाणी घालायच्या. सहा वर्षं जिला वांझ म्हणून हळदीकुंकवातून टाळलं, तिच्या पायांवर! मला ते सोडवेना.

तुम्ही आत सोळा भाज्या चिरायला बसायच्या. चिरण्याआधी त्या जमिनीवर मांडायच्या, भोपळा मागे, कारली पुढे, लाल माठ एका अंगाला, मध्ये जागा मोकळी. क्षणभर पाहायच्या आणि मग विळी ओढायच्या. मी ते दरवर्षी पाहिलं. दरवर्षी काहीतरी आणायला म्हणून आत यायची आणि न बोलता परत जायची.

गावानं तुमचं नाव ठेवलं, भांडेवाली. तोंडावर कोणी म्हणत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शांताला काटोलचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या आत्यानं दारातच कोणाला तरी विचारलं, "त्याच न वं त्या, भांडेवाल्या?" शांता चहा घेऊन मागेच उभी होती. ते स्थळ पुढे मोडलं. पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. पत्रिकाच असेल. मी तेव्हापासून स्वतःला तेच सांगते आहे.

त्याच आठवड्यात आपण दोघी मेथी निवडत बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "धाकले, आता सांगतलं तं चालते. तुहा पोरगा सात वर्साचा झाला. शांताचं एकदा लगन लागू दे, मंग मले काही बी म्हनू देत. पन आत्ता सांगतलं तं बरं होईन."

बाई, दहा वर्षांत तुम्ही माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. आणि मी काय म्हणाले? "आता काहून जुनं उकरता, बाई? लोक विसरले."

तुम्ही देठ तोडत होतात. म्हणालात, "बरं."

मला वाटलं होतं तुम्ही रागावाल. रागावला असतात तर मी उलट बोलले असते, मग रडले असते, मग कदाचित सांगून टाकलं असतं. तुम्ही नुसतं बरं म्हणालात आणि मेथीची जुडी संपवून उठलात. याच्यावरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. एवढं सोसायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? माझ्या थोबाडीत मारता येत नव्हती? शांता तुमची पोटची पोर होती, तिच्यासाठी तरी आत्याबाईंपुढे उभं राहून खरं सांगायचं होतंत! मी नाकारलं असतं का? नाकारलं असतं, कदाचित. ते तुम्ही ओळखून होतात, आणि मला खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून गप्प बसलात. हे मला आता कळतं आहे, आणि तुमचा राग येतो आहे, आणि तो तुमचा नाही हेही कळतं आहे.

तापाच्या आठव्या दिवशी दुपारी मी तुमच्या उशाशी होते. घरात कोणी नव्हतं. तापानं तुमचे तळवे मेंदी लावल्यासारखे लाल झाले होते. मी कानाशी वाकून म्हणाले, "बाई, मी सांगते सगळ्यांले. त्या भांड्याचं. या महालक्ष्म्यांच्या आधी सांगते." तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "मले पानी दे." ऐकलं होतं की नव्हतं? मी पाणी दिलं. त्यानंतर तुम्ही बोललात ते फक्त शांताशी.

मग मी सांगितलं. तुमच्या तेरवीला, पंगती उठल्यावर, सगळे समोरच्या खोलीत बसले होते तेव्हा. आत्याबाई पलंगावर, भाऊजी भिंतीला टेकून, तुमची दोन्ही मुलं, माझे मालक, नरखेडचे सोयरे, आणि दाराशी शांता, गेल्या वर्षी लग्न होऊन गेलेली, तिच्या नवऱ्याच्या मागे.  मी म्हणाले, ते भांडं मी आणलं होतं. आंबील त्यात ठेवायचा हट्ट माझा. बाई नको म्हणत होत्या. त्यांनी माझ्यासाठी आपल्यावर घेतलं, कारण आत्याबाई माझ्यावर सवत आणणार होत्या, आणि मी बारा वर्षं गप्प बसले. सगळं सांगितलं, नर्सचं, खानसाम्याचं, मोरीवरचं. शांताचं स्थळ मोडलं तेव्हा बाईंनी मला बोल म्हटलं आणि मी बोलले नाही, तेही.

 मग भाऊजींना हुंदका फुटला. म्हणाले, "पाहा, धाकल्याबाईचं मन पाहा. मेलेल्या मानसाचा डाग धुवाले आपलं तोंड काळं करून राहिल्या."

"नाही भाऊजी, खरंच मी..."

"तुम्ही कामठीच्या, धाकल्याबाई. लहानपनापासून साहेबाच्या घरातलं पाहिलेलं. तुम्हाले ते भांडं ओळखू आलं नसतं काय? आमची ही भोळी, अक्षर न ओळखनारी. तिच्याच हातून व्हायचं ते."

मी खानसामा काय म्हणाला ते पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही सोबत होत्या म्हणून तुम्हाला माहीत. साक्षीला तरी कोण होतं? नर्स बदली होऊन जबलपूरला गेली, माझे बाबा तर चार वर्षांपूर्वीच गेले. मी माझ्या मालकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे असं पाहत होते, जसं त्यांनी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. आत्याबाईंना आता धड दिसत नाही. त्यांनी हात पुढे करून माझं डोकं शोधलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्याले लय मोठं काळीज लागते वं पोरी. लक्ष्मीच हायेस."

मी ओरडले. खरंच ओरडले, की माझ्या मुलाची शपथ. आत्याबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. शपथ घालू नको म्हणाल्या, गेलेलीसाठी जित्या लेकराची शपथ घालत नाहीत.

आणि शांता पुढे आली. तुमचीच चाल, तोच दांडगा देह. तिनं खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "काकू, माय गेल्यावर तिच्यासाठी एवढं कोनी केलं नसतं." तिचा नवरा तिच्यामागून वाकला. मी पाय ओढून घेतले तर ती आणखी रडली.

आता ही गोष्ट अडतीत गेली आहे, तिथून गल्लीत आणि नरखेडला. काल एक अनोळखी बाई दारात येऊन मला नमस्कार करून गेली. मी आत्याबाईंना सांगितलं, परवा ज्येष्ठा मी आणणार नाही, शांताला आणू द्या, तिच्या आईचा मान होता तो. त्या म्हणाल्या, पोर परक्या घरची झाली, आणि तू नको म्हणतेस यातच तुझा मोठेपणा आला.

बाई, गप्प बसले तेव्हाही मान मलाच मिळाला आणि बोलले तेव्हाही मलाच. गल्लीत तुम्हाला अजून भांडेवालीच म्हणतात. आता फक्त म्हणताना जरा हळहळतात, की बिचारीला जाऊ किती चांगली मिळाली होती.